जरंडेश्वर साखर कारखाना मालकी प्रकरण

जरंडेश्वर साखर कारखाना मालकी प्रकरण हे महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात, चिमणगाव येथे असलेल्या साखर कारखान्याच्या विक्रीतून आणि त्या विक्रीनंतरच्या मालकीविषयी उपस्थित झालेल्या शंकांमधून उद्भवलेले प्रकरण आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०१० साली हा सहकारी कारखाना लिलावात विकला. गुरू कमोडिटी सर्व्हिसेस प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीने तो ६५ कोटी ७५ लाख रुपयांना घेतला आणि लगोलग जरंडेश्वर शुगर मिल्स प्रायव्हेट लिमिटेड या दुसऱ्या कंपनीस भाडेपट्ट्याने दिला. खरेदीदार कंपनी केवळ नावापुरती होती आणि कारखान्याचा खरा ताबा अजित पवार व सुनेत्रा पवार यांच्याशी संबंधित कंपनीकडे होता, असा सक्तवसुली संचालनालयाचा (ईडी) आरोप आहे. पवार यांनी तो वेळोवेळी नाकारला. कारखाना साताऱ्यात असला तरी या वादाची मुळे बारामतीच्या राजकारणात आणि पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या कर्जव्यवहारात शोधली जातात. त्यामुळे बारामती व इंदापूर या ऊसपट्ट्यात त्याची चर्चा कोरेगावइतकीच झाली.

पार्श्वभूमी

कोरेगावजवळच्या जरंडेश्वर डोंगरावरील मारुतीच्या नावाने हा कारखाना ओळखला जातो. माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या पत्नी आणि राज्याच्या माजी महसूलमंत्री डॉ. शालिनीताई पाटील यांनी त्याच्या उभारणीत पुढाकार घेतला. कोरेगाव मतदारसंघातून त्या राष्ट्रवादी काँग्रेसच्या आमदार होत्या. पुढे पक्षनेतृत्वाशी त्यांचा उघड संघर्ष झाला व पक्षातून त्यांची हकालपट्टी झाली. कारखान्याच्या विक्रीमागे हा संघर्ष होता, असे शालिनीताईंचे समर्थक मानत आले. विक्रीविरुद्ध शालिनीताईंनी अनेक वर्षे लढा दिला आणि कारखाना मूळ सभासदांना परत मिळावा अशी मागणी लावून धरली.

सहकारी कारखाना बुडतो तेव्हा नेमके काय बुडते, हे येथे समजून घेणे आवश्यक आहे. सभासद शेतकरी शेअरची रक्कम भरून संस्थेचा भागीदार होतो. शेअर कितीही असोत, मत एकच. संस्था कर्जबाजारी होऊन मालमत्तेचा लिलाव झाला की जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री खरेदीदाराकडे जाते. सभासदाकडे उरते ते शेअर सर्टिफिकेट आणि मागे कोणतीही मालमत्ता नसलेली संस्था. गाळप पुढेही चालू राहते, ऊसही त्याच शिवारांतून येतो. पण काल मालक असलेला शेतकरी आज केवळ ऊस घालणारा होतो.

लिलाव आणि राज्य सहकारी बँक

‘शिखर बँक’ या नावाने परिचित असलेली महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ही राज्यातील जिल्हा मध्यवर्ती बँकांची शिरोमणी संस्था होय. साखर कारखान्यांना दीर्घकाळ कर्ज देणारी हीच प्रमुख बँक. कर्जे थकल्यावर बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याचा आधार घेऊन अनेक कारखाने ताब्यात घेतले व विकले. या कायद्यामुळे धनकोस न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता विकता येते. कारखाना चालवणारे, त्याला कर्ज देणारे आणि पुढे तो विकत घेणारे अशा तिन्ही ठिकाणी एकाच वर्तुळातील माणसे असण्याची शक्यता या व्यवस्थेत होती, आणि टीकाकारांचा मूळ आक्षेप त्यावरच आहे. अजित पवार त्या काळात बँकेच्या संचालक मंडळावर होते. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार हे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक नेमले गेले.

बँकेतील कर्जवाटप व कारखान्यांच्या विक्रीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. २२ ऑगस्ट २०१९ रोजी उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि २६ ऑगस्टला मुंबई पोलिसांनी तो नोंदवला. तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. गैरव्यवहाराचा आकडा २५ हजार कोटी रुपये असा सांगितला गेला आणि तोच वृत्तपत्रांत रूढ झाला. हा आकडा तक्रारदाराचा होता, न्यायालयाने निश्चित केलेला नव्हता. पुढच्या काळातील बहुतेक बातम्यांत हा फरक पुसला गेला.

या गुन्ह्याच्या आधारे ईडीने स्वतंत्र प्रकरण नोंदवले. सप्टेंबर २०१९ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, त्यात शरद पवार यांचेही नाव आले आणि ते स्वतः ईडीच्या मुंबई कार्यालयात जाण्यास निघाले. पोलिसांच्या विनंतीवरून त्यांनी तो बेत रद्द केला. त्याच दिवशी, २७ सप्टेंबर रोजी, अजित पवार यांनी आमदारकीचा राजीनामा दिला होता.

मालकीची साखळी

१ जुलै २०२१ रोजी ईडीने चिमणगावची जमीन, इमारत व यंत्रसामग्रीवर टाच आणली. त्या वेळी प्रसृत केलेल्या निवेदनातील मांडणी अशी. कारखाना गुरू कमोडिटी सर्व्हिसेस या कंपनीच्या नावावर आहे. तो चालवते जरंडेश्वर शुगर मिल्स. या दुसऱ्या कंपनीचे बहुसंख्य भाग स्पार्कलिंग सॉइल प्रायव्हेट लिमिटेड या तिसऱ्या कंपनीकडे आहेत, आणि ही तिसरी कंपनी अजित पवार व सुनेत्रा पवार यांच्याशी संबंधित आहे. पैशाचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला, असे ईडीचे म्हणणे: स्पार्कलिंग सॉइलकडून जरंडेश्वर शुगर मिल्सकडे, तेथून गुरू कमोडिटीकडे आणि तेथून बँकेच्या लिलावात. म्हणजे ज्याने पुढे कारखाना भाड्याने घेतला, त्यानेच घरमालकाला घर घेण्यासाठी बहुतांश पैसे पुरवले. सर्वसाधारण व्यवहारात असे घडत नाही, आणि ईडीच्या साऱ्या प्रकरणाचा कणा ही एकच विसंगती आहे.

गावाकडे जमिनीच्या वादात सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे निदान शेजारचा बांधकरी सांगू शकतो की नांगर कोणाचा चालतो. खासगी कंपन्यांच्या साखळीत तो बांधकरी नसतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदवहीत अल्प शुल्क भरून कोणालाही एखाद्या कंपनीचे भागधारक पाहता येतात. पण भागधारक दुसरी कंपनी असेल, तर शोध घेणाऱ्याला पुढच्या दाराशी जाऊन पुन्हा तेच करावे लागते. ‘लक्षणीय लाभार्थी मालक’ जाहीर करण्याचे नियम भारतात २०१८ साली आले. त्यांनुसार कंपनीत थेट वा आडमार्गाने किमान १० टक्के हितसंबंध असलेल्या व्यक्तीने तसे कळवणे बंधनकारक आहे. २०१० च्या लिलावात असे कोणतेही बंधन नव्हते. बोली लावणाऱ्याने पैसे भरले की बँकेचे समाधान होत असे; पैसा कोणाच्या खिशातून आला, हे विचारण्याची तिला कायद्याने गरज नव्हती.

हा प्रश्न महाराष्ट्रापुरता नाही. युक्रेनला मध्य आशियातील व रशियातील नैसर्गिक वायू विकणारी रोसउक्रएनर्गो ही मध्यस्थ कंपनी २००४ साली स्वित्झर्लंडमधील त्सुग येथे नोंदवली गेली. तिचा निम्मा हिस्सा रशियाच्या गॅझप्रॉम समूहाकडे होता. उरलेला निम्मा ऑस्ट्रियातील रायफायझेन बँकेच्या उपकंपनीने अज्ञात व्यक्तींच्या वतीने सांभाळला होता. हे अज्ञात कोण, यावर युक्रेनच्या राजकारणात दोन वर्षे तर्क चालले. राजकारण्यांची, गुन्हेगारांची नावे घेतली गेली. एप्रिल २००६ मध्ये दिमित्रो फिर्ताश (४५ टक्के) आणि इव्हान फुर्सिन (५ टक्के) ही नावे बाहेर आली, तीही एका रशियन वृत्तपत्रातून. जानेवारी २००९ च्या वायुसंकटानंतर रशिया व युक्रेन यांच्यात झालेल्या करारात या मध्यस्थास वगळण्यात आले. दोन्ही प्रकरणांत राजकीय संबंधाच्या आरोपाला जोर आला तो मालकाचे नाव झाकलेले होते म्हणून. एक मोठा भेदही आहे. तेथे मालक पुढे आले आणि त्यांनी हिस्सा कबूल केला; जरंडेश्वर प्रकरणात नाव घेतलेल्या व्यक्तींनी मालकीच नाकारली आहे.

अजित पवार यांची बाजू

टाच आल्यावर दुसऱ्याच दिवशी अजित पवार यांनी आपली भूमिका मांडली. विक्री उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार झाली. अनेक कंपन्यांनी निविदा भरल्या होत्या आणि गुरू कमोडिटीची बोली सर्वांत मोठी होती. त्यानंतर कारखाना प्रथम एका उद्योजकाने चालवायला घेतला, त्याला तोटा झाला, म्हणून आपल्या एका नातेवाइकाने तो घेतला. क्षमता वाढवण्यासाठी बँकांकडून रीतसर कर्ज काढले आणि त्याचे हप्ते नियमित फेडले जात आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी राज्यात विकल्या वा भाड्याने दिल्या गेलेल्या अन्य कारखान्यांची यादीच पत्रकारांपुढे ठेवली आणि खरेदीदारांत सर्वच पक्षांशी संबंधित मंडळी असताना चौकशी मात्र एकाच कारखान्याची का, असा प्रश्न केला.

या प्रश्नात तथ्य आहे. यादीतील इतर विक्रींकडे तपास यंत्रणांनी त्या प्रमाणात लक्ष दिल्याचे दिसत नाही. पण इतरांची चौकशी न होणे हे या व्यवहाराच्या शुद्धतेचे प्रमाणपत्रही ठरत नाही. शिवाय नातेवाइकाने कारखाना चालवल्याची कबुली या खुलाशातच आहे. वाद संबंध आहे की नाही याचा नसून, नातेवाइकाचा व्यवसाय आणि स्वतःची मालकी यांच्यातील रेषा कोठे आहे याचा आहे. आणि कायद्याच्या दृष्टीने ही रेषा फार महत्त्वाची असते.

तीन चौकश्या

या प्रकरणात ‘क्लीन चिट मिळाली’ आणि ‘आरोपपत्र दाखल झाले’ अशी दोन्ही विधाने एकाच वर्षी, कधी एकाच आठवड्यात छापून आली आहेत आणि दोन्ही आपापल्या परीने खरी आहेत. कारण तीन यंत्रणा तीन निराळे प्रश्न विचारत होत्या.

आर्थिक गुन्हे शाखेपुढील प्रश्न होता: लिलाव व कर्जवाटप करताना फसवणूक झाली का आणि बँकेचे नुकसान झाले का? या शाखेने २०२० मध्ये गुन्ह्याचा पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात दाखल केला. त्याला आक्षेप घेणारे अर्ज आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये शाखेने पुढील तपास करणार असल्याचे न्यायालयास कळवले. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा प्रकरण बंद करण्याचा अहवाल दाखल झाला. पहिल्या अहवालाच्या वेळी अजित पवार महाविकास आघाडी सरकारात उपमुख्यमंत्री होते, तपास पुन्हा उघडला तेव्हा विरोधी पक्षनेते होते आणि दुसऱ्या अहवालाच्या वेळी पुन्हा उपमुख्यमंत्री, मात्र भारतीय जनता पक्षाच्या सोबतीने. तारखांचा हा मेळ कोणाच्याही दोषाचा अथवा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. तपास यंत्रणेच्या निष्कर्षावर सामान्य वाचकाचा विश्वास का बसत नाही, याचे उत्तर मात्र त्यात आहे. असा अहवाल ही पोलिसांनी न्यायालयास केलेली शिफारस असते. न्यायालय ती स्वीकारू शकते, फेटाळू शकते किंवा अधिक तपासाचा आदेश देऊ शकते. त्यामुळे अहवाल दाखल होताच वापरला गेलेला ‘क्लीन चिट’ हा शब्द घाईचा होता.

प्राप्तिकर विभागापुढील प्रश्न निराळा होता: मालमत्ता एकाच्या नावावर आणि मोबदला दुसऱ्याचा, असे आहे का? ऑक्टोबर २०२१ मध्ये छापे पडले आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली अनेक मालमत्तांवर तात्पुरती टाच आली. जरंडेश्वर कारखाना त्यांपैकी एक. वृत्तपत्रांनी त्याचे मूल्य सुमारे ६०० कोटी रुपये दिले. ईडीने त्याच कारखान्याची किंमत ६५ कोटी ७५ लाख धरली होती. एक आकडा २०१० च्या खरेदीचा, दुसरा विस्तारानंतरच्या अंदाजाचा. दोहोंची तुलना करून ‘६०० कोटींचा कारखाना ६५ कोटींत’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, आणि तो अनेकदा काढला गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बेनामी मालमत्ताविषयक अपिलीय न्यायाधिकरणाने विभागाचे अपील फेटाळले. या मालमत्तांसाठी पवार कुटुंबीयांनी पैसा पुरवल्याचा पुरावा नाही, असे न्यायाधिकरणाचे मत पडले आणि टाच उठली. मालकीच्या प्रश्नावर अर्धन्यायिक मंचाने दिलेला हा निर्णय अजित पवार यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम आधार आहे. त्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या त्या डिसेंबरात, ते पुन्हा उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेत असतानाच्या दिवसांत.

तिसरा प्रश्न ईडीचा: गुन्ह्यातून आलेला पैसा या साखळीतून फिरवला गेला का? एप्रिल २०२३ मध्ये ईडीने दाखल केलेल्या आरोपपत्रात गुरू कमोडिटी व जरंडेश्वर शुगर मिल्स या कंपन्यांची नावे होती. अजित पवार व सुनेत्रा पवार यांना आरोपी केलेले नव्हते. दोन वर्षांपूर्वीच्या निवेदनात ज्यांच्याशी साखळी जोडली, त्यांनाच आरोपपत्रातून वगळले. याचे सविस्तर स्पष्टीकरण ईडीने जनतेपुढे ठेवले नाही. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २ जुलै २०२३ रोजी, अजित पवार यांनी एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळात प्रवेश केला. ईडीचे प्रकरण मूळ गुन्ह्यावर उभे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ जुलै २०२२ च्या निकालानुसार मूळ गुन्ह्यातून आरोपी मुक्त झाला वा तो गुन्हाच रद्द झाला, तर त्यावर आधारलेला मनी लाँडरिंगचा खटला टिकत नाही. म्हणून आर्थिक गुन्हे शाखेच्या अहवालाचे भवितव्य हेच ईडीच्या आरोपपत्राचेही भवितव्य आहे.

कन्नड कारखान्याशी तुलना

याच बँक प्रकरणातील दुसरा व्यवहार बारामती व इंदापूरकरांना अधिक जवळचा आहे. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील कन्नड सहकारी साखर कारखाना २०१२ च्या लिलावात बारामती अ‍ॅग्रो लिमिटेड या कंपनीने ५० कोटी २० लाख रुपयांना घेतला. कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार या कंपनीचे प्रमुख. कंपनीचा मूळ साखर कारखाना इंदापूर तालुक्यात शेटफळगढे येथे आहे. जानेवारी २०२४ मध्ये ईडीने कंपनीच्या ठिकाणांची झडती घेतली आणि ८ मार्च रोजी कन्नडची १६१.३० एकर जमीन, इमारत व यंत्रसामग्रीवर टाच आणली. लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्यास किरकोळ कारणावरून अपात्र ठरवले गेले आणि उरलेला दुसरा बोलीदार बारामती अ‍ॅग्रोच्याच निकटचा होता, असा ईडीचा आरोप आहे. खरेदी नियमानुसार झाली आणि कारवाई राजकीय हेतूने होत आहे, असे रोहित पवार यांचे म्हणणे आहे. जुलै २०२५ मध्ये त्यांच्याविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले.

येथे मालक कोण, हा प्रश्नच नाही. खरेदीदार कंपनी स्वतःच्या नावाने पुढे आली, तिचा प्रमुख कोण हे शिवारातल्या मुलालाही ठाऊक होते. वाद आहे तो बोलीच्या पद्धतीचा. ज्याने नाव उघड ठेवले तो आरोपी झाला आणि ज्या व्यवहारात नावावरच पडदा होता तेथे आरोपपत्र कंपन्यांपाशी थांबले, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. दोघांची राजकीय स्थाने या काळात परस्परविरुद्ध झाली होती, हेही त्याच नोंदीत यावे.

बारामती व इंदापूर तालुक्यांवरील परिणाम

ईडीच्या म्हणण्यानुसार जरंडेश्वरच्या मालमत्तेवर २०१० पासून सुमारे ७०० कोटी रुपयांची कर्जे घेतली गेली आणि कर्ज देणाऱ्यांत पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक होती. अजित पवार या बँकेचे अनेक वर्षे संचालक होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी ते पद सोडले. ही बँक पुणे जिल्ह्यातील गावोगावच्या विकास सोसायट्यांची. बारामतीच्या जिरायती पट्ट्यातील ठेवीदार आणि इंदापूरच्या नीराकाठचा पीककर्जदार यांच्या पैशावर ती उभी आहे. कर्ज नियमित फेडले जात असेल तर ठेवीदाराचे नुकसान झालेले नाही, हे खरे. परंतु आपल्या बँकेने शेजारच्या जिल्ह्यातील कोणत्या कंपनीस आणि पर्यायाने कोणत्या माणसास कर्ज दिले, हे जाणण्याचा त्याचा हक्क हप्ते वेळेवर आल्याने संपत नाही.

या दोन तालुक्यांत मालकीची दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात. बारामतीत माळेगाव व सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि नीरा-भीमा हे सहकारी कारखाने आहेत. तेथे राजकारण कितीही झाले तरी सत्ता सभासदांच्या मतांतूनच मिळवावी लागते. २०२५ मध्ये माळेगावच्या निवडणुकीत अजित पवार यांना उपमुख्यमंत्री असतानाही स्वतः उमेदवार म्हणून उभे राहावे लागले. वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारणारा सभासद कोणाला आवडो वा न आवडो, त्याला बाहेर काढता येत नाही. खासगी कारखान्याच्या शेतकऱ्याला असा मंच नाही.

त्याच्या हाती आहे तो १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. ऊस कारखान्यास पोचवल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराने (एफआरपी) पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते, आणि थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते. वसुलीची वेळ आली की मालकीचा प्रश्न कागदावरून गव्हाणीपर्यंत येतो. गोदामातील साखर भाडेकरू कंपनीची, यंत्रसामग्री व जमीन दुसऱ्या कंपनीची, आणि दोन्हींवर बँकांचा बोजा. त्यातच तपास यंत्रणेची टाच. अशा वेळी जप्ती कशावर आणायची, हे ठरवताना साखर आयुक्त कार्यालय व जिल्हाधिकारी यांच्या हाती केवळ कंपन्यांची नावे असतात. जरंडेश्वरवर टाच आली तेव्हा कोरेगाव व खटाव भागातील ऊस उत्पादकांची पहिली चिंता पवारांची किंवा सोमय्यांची नव्हती. शेतात उभा असलेला ऊस येत्या हंगामात कोण नेणार, ही होती. टाच आणली म्हणजे गाळप बंद होते असे नाही, हे त्यांना समजावून सांगण्याचे काम कोणत्याही यंत्रणेने केले नाही. कारखान्यात कामावर असलेल्या माणसांनाही आपला पगार देणारा नक्की कोण, याचे उत्तर वर्तमानपत्रातून शोधावे लागले.